गाडीतला वर्षावास

यवत, ता. दौंड
१७ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. जय भीम वि. वि.

आईनं आपल्या दोघांना फोनवर बोलायची बंदी घातली त्याला आज पंधरा दिवस झाले. फोनवर आपण दोघंही एकदम बोलतो आणि शेवटी कुणीतरी रागानं फोन बंद करतं. कागदावर निदान समोरच्याचं संपेपर्यंत गप्प बसावं लागेल, असं तिचं म्हणणं. तेव्हा बसते लिहायला. आमचे हे दर गुरुवारी पशुखाद्याचा टेम्पो घेऊन तुमच्या मांडवगणला येतातच. पत्र त्यांच्या हाती पाठवते, उत्तर त्यांच्याच हाती दे. टपालाची वाट बघायला नको.

घराची फरशी बसली. आता रंग तेवढा राहिला. आईची खोली पुढच्या बाजूला काढलीय, खिडकी थेट रस्त्यावर, आणि बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा. लग्नापासून आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. तिच्या गुडघ्यांना जिना चढवत नव्हता. ती यायची, खालच्या पायरीवर बसायची, मी वरून चहा घेऊन यायची, आणि चहा संपला की तुझी घाई सुरू. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली दादा, आईनं माझ्या घरात एक रात्र काढलेली नाही. म्हणून एवढंच मागते. रविवार, १२ ऑक्टोबरला गृहप्रवेश आहे, आणि उंबऱ्याच्या आत पहिलं पाऊल आईचं पडलं पाहिजे.

एसटीची पायरी तिला जमत नाही, टेम्पोची तर नाहीच. तुझ्या गाडीची पुढची सीट तेवढी जमते. तेव्हा गाडी तयार ठेव. गेल्या गुरुवारसारखीच सोबत आईसाठी पिशवी आहे. गुडघ्याचं तेल आहे त्यात. तिच्याच हातात द्यावी, कुणी उघडू नये.

करुणावहिनींना जय भीम. लोभ आहे तो पत्रातही टिकावा.

तुझी,
चांगुणा


मांडवगण फराटा, ता. शिरूर
२८ ऑगस्ट २०२५

चि. चांगुणास,
अनेक मंगल आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. पायरीवरच्या चहाचं वाचताना ती माझ्याकडं बघत होती, म्हणून तेवढा भाग जरा घाईनं वाचला.

आता गाडीचं. घाबरू नकोस, पण गाडीत उंदीर झालेत. तुला माहीत आहे, वर्षावास सुरू असला की संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं, ते मीच करतो. त्यामुळं आषाढी पौर्णिमेपासून गाडी शेडमध्ये उभीच. परवा चावी फिरवली तर दिवे लागेनात, हॉर्न वाजेना, फक्त वायपर आपोआप सुरू झाला आणि थांबेचना. दत्ता मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि हळूच परत लावलं. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, घरट्यात पाच पिल्लं, अजून डोळे न उघडलेली. घरट्याला काय काय लावलंय म्हणशील? मला निवृत्तीच्या वेळी मिळालेली शाल, गाडीच्या इन्शुरन्सचे कागद आणि तुझ्या वहिनीचा हरवलेला मोजा. दत्ता म्हणाला, औषध टाका, दोन दिवसांत मोकळे व्हाल.

ते जमणार नाही. आषाढी पौर्णिमेला विहारात माईकवर उभं राहून मी शब्द दिलाय, की वर्षावासाचे तीन महिने माझ्या हातून किंवा माझ्या सांगण्यावरून एकाही जिवाची हत्या होणार नाही. दोनशे माणसांनी साधू साधू म्हटलंय. आता त्याच माणसानं बॉनेटमध्ये विष टाकायचं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही.

पण काळजी नसावी. सणसवाडीच्या कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं क्वालिटीत काढली. आमच्याकडं बिघाड आला की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत होती. पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागतंच. इथंही तेच करतो.

आई मजेत आहे. दुपारी ती गाडीच्या पुढच्या सीटवर गोधडी टाकून बसते, तशी आताही बसते. सीट मागं पडते म्हणून गुडघ्याला आराम, शिवाय तिथून सगळी गल्ली दिसते. उंदरांचं सांगितलं तर म्हणाली, असूंद्यात, ल्हान हाईत.

दाजींना जय भीम. लोभ असू द्यावा, शंका नसावी.

तुझा,
दादा


यवत
२ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. जय भीम वि. वि.

तुझं पत्र वाचून आमच्या ह्यांना ठसका लागला. चहा टेम्पोच्या पावतीपुस्तकावर सांडला. अठ्ठावीस वर्षं तू कंपनीत चूक शोधलीस आणि निवृत्त झाल्यावर शाल कुठं गेली ते उंदरांनी सांगितलं.

तू शब्द दिलास तो मोडू नकोस, मी काही तुला पाप करायला सांगत नाही. पण आमच्या ढमी मांजरीनं कसलाही शब्द दिलेला नाही. म्हणून या गुरुवारी टोपलीत ढमीला पाठवतेय. मांजर आळशी दिसते, पण बाजारातला बोंबील झाकणासकट पळवते. तिला रात्री गाडीत सोड आणि काच थोडी उघडी ठेव.

आणि तेही नाही जमलं तर सरळ सांग. यवतच्या चौकात भाड्याच्या गाड्या भरपूर उभ्या असतात, बारा तारखेला एक पाठवून देते. आईला घेऊन येईल.

आईची पिशवी सोबत आहे. तेल संपत आलं असेल. लोभ करावा, सबबी करू नयेत.

तुझी,
चांगुणा


मांडवगण फराटा
१८ सप्टेंबर २०२५

चि. चांगुणास,
आशीर्वाद.

भाऊ जिवंत असताना आईला भाड्याची गाडी? तू लिहिलंस ते लिहिलंस, पुन्हा लिहू नकोस. आईनं साऱ्या गल्लीला सांगून ठेवलंय, की लेकाच्या गाडीतून लेकीच्या घरी जाणार. तिचं गाठोडंही बांधून तयार आहे.

ढमीचं सांगतो. मांजर गाडीत सोडलं तर शील मोडतं की नाही, हे आधी भंतेजींना विचारलं. ते म्हणाले, मांजरानं शील घेतलेलं नाही, पण मांजर सोडणाऱ्यानं घेतलंय. मी म्हटलं, मांजर बहिणीनं पाठवलंय, आणि बहीण दौंड तालुक्यात राहते. भंतेजी बराच वेळ हसले आणि चहा मागितला. विहार कमिटीत मात्र दोन तट पडले. एक म्हणतो मांजर चालेल, दुसरा म्हणतो अध्यक्षांनी, म्हणजे मी, असली पळवाट काढू नये. हे सगळं चाललं असताना ढमी आईच्या मांडीवर जाऊन झोपली ती अजून तिथंच आहे. एक उंदीर तिच्या शेपटीला हुंगून गेला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

मग पिंजरा आणला. भज्याचा तुकडा लावला. पहिल्या दिवशी दोन सापडले, ते नेऊन सर्जेरावांच्या उसाच्या बांधावर सोडले. सर्जेराव आपले जुने शेजारी, मोठे बागायतदार, पण त्या दिवशी त्यांचाही तोल सुटला. शील तुम्ही घेतलंत चांगदेवराव, मग उंदीर आमच्या उसाला का, असं त्यांनी रस्त्यात चार लोकांसमोर विचारलं. तेव्हापासून पिंजरा स्कूटीला बांधून भीमेच्या पुलापलीकडं नेऊन सोडतो. आतापर्यंत अकरा सोडले. तरी गाडीतली संख्या कमी झाली, असं म्हणता येत नाही.

पाच 'का'चं व्हाय-व्हाय लिहून ठेवलंय. गाडी बंद का? वायर कुरतडली. वायर का कुरतडली? उंदीर राहतात. उंदीर का राहतात? खायला मिळतं. चौथा 'का' म्हणजे, खायला का मिळतं? इथं अडलो. डिकी पाहिली, मागची सीट काढली, डॅशबोर्डचा कप्पा रिकामा केला. काही नाही. आई बसते तेवढी सीट राहिली. तिला उठवावं कसं?

लोभ असावा, धीरही असावा.

तुझा,
दादा


यवत
२३ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. जय भीम वि. वि.

भीमेच्या पुलापलीकडं म्हणजे आमचा तालुका, हे तुला कळतं का? शिरूरचे उंदीर धरून तू दौंडला सोडतोस आणि पुन्हा शील पाळलं म्हणून सांगतोस. आमच्याकडं काय पीक येत नाही?

दादा, आता थट्टा पुरे. रंग झाला. पत्रिका वाटल्या. आईच्या खोलीत मी कुणाला झोपू देणार नाही, पाहुणे आले तरी. पलंगाची उंची तीनदा कापून घेतली, तिचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून. सुतार म्हणाला, म्हातारीला मोजून तरी आणा. आता फक्त तीच यायची राहिलीय.

पौर्णिमा सात तारखेला. वर्षावास संपतो, तुझा शब्दही पुरा होतो. आठ ते अकरा, चार दिवस हातात राहतात. चार दिवसांत काय करायचं ते कर, पण आई बाराला इथं हवी. ती आली नाही तर मी उंबरा ओलांडणार नाही. बाहेर खुर्ची टाकून बसेन.

आईची पिशवी दिलीय. लोभ असावा आणि गाडी चालू असावी.

तुझी,
चांगुणा


मांडवगण फराटा
१ ऑक्टोबर २०२५

चि. चांगुणास,
आशीर्वाद.

मूळ कारण सापडलं. खाली बसून वाच.

काल आई विहारात बायकांबरोबर वंदनेला गेली, तेव्हा मी पुढची सीट उचलली. सीटखाली सात पिशव्या. सातही तुझ्या हातच्या शिवलेल्या, कडेला भोकं पडलेल्या. आत डिंकाचे लाडू. गुडघ्याचं तेल म्हणून तू दर गुरुवारी जे पाठवतेस, ते हे तेल.

आईला साखर आहे, म्हणून करुणा तिला गुळाचा खडाही देत नाही, आणि तू चोरून लाडू पाठवतेस. बरं, ते तिनं खाल्ले असते तर एक वेळ ठीक. आई परत आल्यावर विचारलं. आधी म्हणाली, मला ठावं न्हाई. मग म्हणाली, लाडू लई कडक. तिच्या तोंडात चार दात, तेही समोरासमोर नाहीत. पहिला लाडू तिनं दोन दिवस चघळला आणि नाद सोडला. लेकीच्या हातचं टाकवत नाही, करुणाला द्यावं तर चोरी उघडी पडते, म्हणून सीटखाली ठेवत गेली. आता मी पाचवा 'का' लिहितो. उंदरांना खायला का मिळालं? कारण लाडू कडक झाले.

काही लाडूंपुढं उंदरांनीही हात टेकलेत. दाताच्या नुसत्या खुणा आहेत. एक मी कंपनीच्या पद्धतीनं हार्डनेस टेस्टला कमरेच्या उंचीवरून सोडला. लाडू शाबूत, फरशीचा टवका उडाला. रिपोर्टची प्रत दाजींना टेम्पोत वाचायला दिली आहे.

लोभ मऊ असावा.

तुझा,
दादा


यवत
२ ऑक्टोबर २०२५

दादास,
जय भीम.

आमच्या ह्यांनी रिपोर्ट वाचला. मोठ्यानं. चौकातल्या चहाच्या टपरीवर.

डिंक गुडघ्याला चांगला म्हणून मी दर बुधवारी पहाटे पाचला उठून ते लाडू वळत होते. आई माझ्या घरी येऊ शकत नाही, तर माझ्या हातचं काहीतरी तिच्या पोटात जावं, एवढाच विचार होता. तिनं एकही खाल्ला नाही, हे मला उंदरांकडून कळावं, आणि तुला त्याचं हसू यावं.

आईला आणायचं असेल तर आण. नसेल आणायचं तर राहू दे. मी आता पिशवी पाठवणार नाही.

चांगुणा


मांडवगण फराटा
९ ऑक्टोबर २०२५

चि. चांगुणास,
आशीर्वाद आणि माफी, दोन्ही.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं मला तासभर जेवू दिलं नाही. आधी ती सांगते ते लिहितो. दर गुरुवारी पिशवी आली की ती आधी हुंगायची. तूप तुझ्या घरचं आहे, हे तिला वासावर कळायचं. मग गाठ मारून ठेवायची. उंदरांनी खाल्लं याचं तिला वाईट वाटलं नाही, मी तुला कळवलं याचं वाटलं.

पिशव्या काढल्यावर उंदीर दोन दिवसांत आपणच निघून गेले. पिल्लंही मोठी झाली होती. पौर्णिमा झाली, माझा शब्द संपला, पण मारायला काही उरलंच नाही. दत्तानं नवी वायर टाकली. वायपर आता सांगितल्यावरच फिरतो.

रिपोर्टात मी एक गोष्ट लिहिली नाही, ती इथं लिहितो. ती सीट उचलायला मला दहा मिनिटं लागली असती. ऑगस्टमध्येच उचलता आली असती. आई रोज विहारात जातेच. मी उचलली नाही, कारण गाडी चालू झाली असती. तिनं गाठोडं बांधलं त्या दिवसापासून एकच विचार डोक्यात आहे. तिला तिकडं करमलं आणि तिनं परत यायचं नाही म्हटलं, तर मी काय करू? मी साठ वर्षांचा झालो, पण घरात आई नसली की मला भाकरी गिळत नाही. करुणाला हे ठाऊक आहे, म्हणून ती मला हसते. आता तूही हस.

रविवारी सकाळी दहापर्यंत पोचतो. बाहेर खुर्ची टाकू नकोस.

लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.

तुझा,
दादा


यवत
१५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. जय भीम वि. वि.

हसले. मग रडले. मग पुन्हा आमच्या ह्यांनी रविवारची आठवण काढली आणि सगळे हसलो.

तू दहाला येणार होतास, पावणेबाराला आलास. आई सांगते, पुलावर तू गाडी चालवत होतास की ढकलत होतास हे तिला कळलं नाही, एक बैलगाडी पुढं निघून गेली. आणि परित्राणपाठ सुरू असताना तुझ्या बॉनेटमधून तो एक राहिलेला उंदीर बाहेर आला, सगळ्या पाहुण्यांसमोर मिशा साफ करून पुन्हा आत गेला. भंतेजी पाठ म्हणता म्हणता थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, एक पाहुणा पत्रिकेशिवाय आलाय. तू मात्र हात जोडून डोळे घट्ट मिटून बसला होतास. मला वाटलं ध्यान लागलंय.

आईचं पहिलं पाऊल पडलं दादा. उंबऱ्यावर ती थांबली, माझा हात धरला आणि विचारलं, पायरी कुठंय. मी म्हटलं, नाही आई, पायरी ठेवलीच नाही. मग ती आत गेली.

तू जेवून लगेच निघालास. थांब म्हटलं तर म्हणालास, अंधार पडायच्या आत पूल ओलांडायचा. दुपारचे दोन वाजले होते.

पलंगाची उंची बरोबर बसली. लोभ आहेच, तो येऊन जाऊन वाढवावा.

तुझी,
चांगुणा


मांडवगण फराटा
२६ ऑक्टोबर २०२५

चि. चांगुणास,
आशीर्वाद.

इकडं सर्व ठीक. गाडी रोज एक चक्कर मारून आणतो. टायरमध्ये हवा भरली, ऑइल बदललं, पुढच्या सीटला नवी गोधडी घातली. करुणा म्हणते, दुपारचा मीच तिथं जाऊन बसतो. तसं काही नाही, गाडीवर लक्ष राहतं एवढंच.

चौदा दिवस झाले. आईची औषधं संपत आली असतील. तिला सवय इथल्या पाण्याची. तिकडं रस्त्यावर ट्रकांचा आवाज, झोप लागत नसेल. तेव्हा येत्या रविवारी न्यायला येतो. गाठोडं बांधून ठेवायला सांग, म्हणजे खोळंबा नको. दत्ता उद्या यवतकडं निघालाय, गुरुवारची वाट न बघता पत्र त्याच्याच हाती देतो.

कळावे. लोभ दोघींचाही असावा.

तुझा,
दादा


यवत
२८ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. जय भीम वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. उत्तर तिनंच सांगितलंय. ती बोलली तसं लिहिते, माझ्या पदरचं काही नाही.

चांगदेवा, औषदं हाईत. पानी ग्वाड हाय. झोप लागती, ट्रक मोजता मोजता लागती. पन तुजं पत्र ऐकलं आन् ठरीवलं, आता सांगायचंच. तू हिच्या दारात तीस वर्सं येतोस. राखीपुनवंला येतोस, सुका-दुकाला येतोस. आलास की घड्याळ बघतोस. ही वरनं च्या आनती, तू उभ्यानं पितोस, आन् मला म्हनतोस चल. मला गुडघं हुतं बाबा, मी पायरीवं बसले. तुला काय झालतं? तुला जिना चढाय येत हुता. तू बी हिच्याकडं येक रात काडलेली न्हाईस, आन् तिनं पत्रात तुला त्ये कवा लिवलं न्हाई. तिचं त्वांड न्हाई झालं. माजं हुतंय.

तवा रविवारी ये, गाडी घिऊनच ये, करुणाला बी आन. पन मला न्यायला येऊ नगं. ऱ्हायाला ये. माजं गाठुडं कवा बांदायचं त्ये मी बघंन, तू तुजं बांद. दोन कापडं जास्त घे, आठ दिस ऱ्हायचंय. तुला माज्याबिगर भाकर गिळत न्हाई म्हनतोस, मग हितं येऊन गीळ. हिच्या हातची. मऊ करती आता.

एवढं सांगून आई खिडकीत जाऊन बसलीय. मी तिला विचारलं, पुढं लोभ असावा वगैरे लिहू का, तर म्हणाली, त्ये रविवारी त्वांडानं सांगंल.

बाहेरच्या खोलीत तुमच्या दोघांच्या गाद्या उन्हात घालून ठेवल्यात.

तुझी,
चांगुणा